गोलेम, सुपरमॅन आणि कुदळवाडीचा भंगारवाला

(पिंपरी येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "विज्ञानपटांतले यहुदी विषय." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग विचारलं, "भाई, नक्की ना? या दिवसांत?" मी म्हटलं, नक्की. या दिवसांतच बोलायला हवं.

आधी माझ्याबद्दल. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. चाकणला एका मोटार कारखान्यात वेल्ड शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. तेरा वर्षं रोबोटची देखभाल करतो. राहायला नेहरूनगरला. आमच्या मोहल्ल्यात पंधरा-वीस जणांचा एक गट आहे. त्यात आयटीआयची मुलं आहेत, नर्सिंग करणाऱ्या दोन मुली आहेत, शाळेत शिकवणाऱ्या एक आपा आहेत, कंपनीत कंत्राटी काम करणारे चार-पाच जण आहेत आणि कुदळवाडीत भंगाराचा धंदा करणारे एक चाचा आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही ठरवलं, महिन्यातून एकदा जमायचं, सिनेमा पाहायचा आणि त्यावर बोलायचं. पोरांनी एकच अट घातली: उपदेश नको, रडारड नको, सायन्स फिक्शन लावा. एका क्लासवाल्यांनी जुना प्रोजेक्टर दिला, चादर घरची.

तिसऱ्या बैठकीनंतर आपा म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलं का? सुपरमॅन काढणारे दोघे यहुदी. एक्स-मेन काढणारे स्टॅन ली आणि जॅक कर्बी यहुदी. रोबोटचे नियम लिहिणारा आयझॅक असिमॉव्ह यहुदी घरातला. स्टार ट्रेकमधला तो टोकदार कानांचा स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, तोही."

मी लगेच म्हणालो, "मग त्यात काय आपा, हॉलिवूड त्यांच्याच तर ताब्यात आहे."

नर्सिंगची एक मुलगी मागे बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आणि भाई, बॉलिवूड कुणाच्या ताब्यात आहे?"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण तो मेसेज आपण सगळ्यांनी वाचलाय. बॉलिवूड खानांच्या ताब्यात, फळबाजार त्यांच्या ताब्यात, अमुक गल्ली त्यांच्या ताब्यात. तो वाचून आपलं रक्त उकळतं. आणि तेच वाक्य, फक्त नाव बदलून, मी इतक्या सहज बोलून गेलो होतो. माझ्या आजोळी कंजूष माणसाला 'यहुदी' म्हणायचे. मी आयुष्यात एकही यहुदी पाहिला नव्हता, पण शिवी मात्र लहानपणापासून पाठ होती. त्या दिवशी ठरलं की हा विषय आता नीट पाहायचा.

हॉलिवूडचं खरं काय आहे, ते आधी सांगतो. युनिव्हर्सलचे कार्ल लेम्ले, पॅरामाउंटचे अॅडॉल्फ झुकर, एमजीएमचे लुई मेयर, वॉर्नर बंधू ही मंडळी यहुदी होती हे खरं आहे. बहुतेक युरोपातून आलेले गरीब स्थलांतरित किंवा त्यांची मुलं. प्रतिष्ठेच्या धंद्यांची दारं त्यांना सहजी उघडत नव्हती. सिनेमा तेव्हा जत्रेतला तमाशा समजला जायचा, म्हणून तिथं शिरकाव मिळाला. आपल्याकडेही तेच झालं. मूकपटांच्या काळात 'घरंदाज' बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या. तेव्हा ज्या आल्या त्यांत सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, यहुदी होत्या. १९४७ च्या मिस इंडिया प्रमिला, म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, यहुदी होत्या. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. तो ज्या नाटकावरून घेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. जिथं कुणी बसायला तयार नसतं ती जागा बाहेरच्यांना मिळते. पुढे त्या जागेला भाव आला की लोक म्हणतात, यांनी ताबा घेतला. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मग आम्ही १९२० चा जर्मन मूकपट 'द गोलेम' लावला. मूकपट घेण्याचं कारण सोपं होतं. इंग्रजी ऐकायची भानगड नाही. मधल्या पाट्या आपा मराठीत वाचून दाखवायच्या.

गोष्ट प्राग शहरातली. बादशहा फर्मान काढतो की यहुद्यांनी महिन्याच्या आत वस्ती सोडून जावं. आरोप काय, तर काळी जादू करतात आणि आमच्या सणांचा अपमान करतात. वस्तीचे धर्मगुरू रब्बी लोव्ह मातीचा एक भलामोठा पुतळा करतात आणि त्यात जीव आणतात. तो गोलेम. तो लाकडं फोडतो, पाणी भरतो, आणि शेवटी बादशहाचा महाल कोसळू लागतो तेव्हा छत पेलून धरतो. फर्मान मागे घेतलं जातं. पण नंतर रब्बींचा मदतनीस मत्सरापोटी गोलेमला एका माणसाच्या मागे लावतो. वस्ती वाचवायला बनवलेला गोलेमच वस्तीला आग लावतो. शेवटी एक लहान मुलगी खेळता खेळता त्याच्या छातीवरचा तारा काढून घेते आणि तो पुन्हा माती होतो.

फर्मानाच्या पाटीवर खोलीत चुळबुळ झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीत बुलडोझर फिरले तेव्हा चाचांची शेडही गेली होती. ते एवढंच म्हणाले, "महिना तरी दिला होता त्यांना."

या गोष्टीचं एक रूप दंतकथेत आहे, ते सिनेमात नाही. तिथं गोलेमच्या कपाळावर हिब्रू शब्द लिहिलेला असतो: 'एमेत', म्हणजे सत्य. त्याला थांबवायचं तर पहिलं अक्षर पुसायचं. मग उरतं 'मेत', म्हणजे मेलेला. हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या भाषा. 'मेत' म्हणजे आपल्या तोंडातला 'मय्यत'. आणि 'एमेत' ज्या धातूपासून येतो त्याच धातूपासून आपले 'ईमान', 'अमानत' आणि 'आमीन' येतात. एक अक्षर पुसलं की ईमानाची मय्यत होते. आपा हे फळ्यावर लिहीत होत्या तेव्हा आयटीआयची पोरं मोबाईल ठेवून बघत होती.

मला मात्र माझी लाईन दिसत होती. 'रोबोट' हा शब्द आला तोही प्रागमधूनच. कारेल चापेक यांनी १९२० मध्ये नाटक लिहिलं, त्यात कारखान्यात बनवलेले कृत्रिम मजूर आहेत. शब्द सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी, चेक भाषेतल्या 'रोबोता'वरून. रोबोता म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्या भाषेत वेठ. म्हणजे रोबोट हा मुळात वेठबिगार. योसेफ चापेक पुढे १९४५ मध्ये नाझींच्या छळछावणीत गेले. ते यहुदी नव्हते, नाझींच्या विरोधात होते.

असिमॉव्हने १९४२ मध्ये रोबोटचे तीन नियम मांडले. पहिला असा की रोबोट माणसाला इजा करणार नाही. २००४ चा 'आय, रोबोट' आम्ही पाहिला तेव्हा एका पोराने मला विचारलं, "भाई, आपल्या रोबोटमध्ये पण हा नियम असतो का?"

नसतो. आपल्या रोबोटला माणूस कळतच नाही. रोबोटभोवती जाळी असते, जाळीला दार असतं आणि दाराला इंटरलॉक असतो. दार उघडलं की रोबोट थांबतो. एवढाच आपला पहिला नियम. आणि तो बायपास करता येतो. टार्गेट मागे पडलं असेल, स्पॅटर साफ करायचं असेल, पार्ट अडकला असेल, तर कुणीतरी इंटरलॉकला जंपर मारतं आणि म्हणतं, "जा रे आत, दोन मिनिटांचं काम आहे." आत जातो तो बहुधा कंत्राटी पोरगा, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

हे मी बोललो आणि आमच्यातलाच एक मुलगा म्हणाला, "मी तीनदा गेलोय." तो कुठल्या कंपनीत जायचा हे सांगत नाही. त्याच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील. त्या रात्री सिनेमा बाजूला राहिला. आत जाण्याआधी पॉवर बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, हे मी त्याला आणि बाकीच्यांना चादरीवरच खडूने काढून दाखवलं. त्याने नंतर सुपरवायझरला नाही म्हटलं का? एकदा म्हटलं. एकदा नाही म्हणू शकला. त्याने दोन्ही सांगितलं, म्हणून मीही दोन्ही सांगतो. गोलेमची गोष्ट मला त्या दिवशी कळली. माती वाईट नसते. अक्षर कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न असतो.

आता सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडमधल्या यहुदी स्थलांतरितांची मुलं. सुपरमॅनची पहिली गोष्ट 'अॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या अंकात आली. ग्रह नष्ट होतोय, आईबाप तान्ह्या बाळाला यानात घालून दूर पाठवतात, परक्या घरात ते वाढतं, त्याची दोन नावं असतात. हे ऐकून तुम्हाला काय आठवलं?

आमच्याकडे सगळ्यात लहान पोरगा ओरडला, "मूसा अलैहिस्सलाम!" बरोबर. फिरऔनच्या भीतीने आईने पेटीत घालून नदीत सोडलेलं बाळ. ही गोष्ट तोरातमध्ये आहे आणि कुरआनातही आहे. सुपरमॅनचं खरं नाव काल-एल. हिब्रूत 'एल' म्हणजे ईश्वर. तोच 'ईल' जिब्राईल, मिकाईल आणि इस्माईलमध्ये आहे. लेखकांनी हे ठरवून केलं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९७८ च्या सिनेमात तर बाप आपला एकुलता मुलगा माणसांसाठी पाठवतो, म्हणजे गोष्ट ख्रिस्ती वळणाने जाते. पण १९४० मध्ये नाझींच्या एसएसच्या वृत्तपत्राने सीगलवर यहुदी म्हणून तोंडसुख घेतलं होतं. म्हणजे शत्रूला तरी त्यात काहीतरी दिसलं होतं.

आमच्या गटात ही गोष्ट यहुद्यांची राहिलीच नाही. पिंपरी-चिंचवड कुणी बनवलं? पिंपरी कॅम्प फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा. नंतर कंपन्या आल्या आणि लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, युपी, बिहारमधून माणसं आली. चाचा उत्तर प्रदेशातून बाराव्या वर्षी एका नातेवाइकाबरोबर आले. आईने डब्यात पुऱ्या बांधून दिल्या आणि गाडीत बसवलं. ते म्हणाले, "मेरा भी यान ही था, फक्त जनरल डब्याचा."

जुलै २०२५ मध्ये नवा 'सुपरमॅन' आला. त्यात एक बलाढ्य देश शेजारच्या गरीब देशावर चाल करून जातो. जगभर अनेकांना त्यात गाझा दिसला. दिग्दर्शक जेम्स गन म्हणाले की लिहिताना तो संघर्ष मनात नव्हता. पण माझ्या शेजारी बसलेली पोरं गाझाच पाहत होती. दोन यहुदी पोरांनी काढलेला नायक आज कुणाला कुणाच्या बाजूने उभा दिसतो, हे बघायला सीगल आणि शुस्टर हवे होते.

चौथा सिनेमा १९९९ चा 'स्टार वॉर्स: द फॅंटम मेनेस'. त्यात वॉटो नावाचा एक उडणारा प्राणी आहे. लांब वाकडं नाक, बारीक डोळे, घोगरा आवाज, पैशाशिवाय दुसरं बोलणं नाही. आणि धंदा? भंगारचा. तो एका मुलाला आणि त्याच्या आईला गुलाम म्हणून ठेवतो. सिनेमा आला तेव्हा टीका झाली की हे यहुद्यांचं जुनं विखारी व्यंगचित्र आहे. काहींना त्यात अरब माणसाचं व्यंगचित्र दिसलं. काढणाऱ्यांनी दोन्ही आरोप नाकारले.

हे मी काहीच आधी सांगितलं नव्हतं. वॉटो आला तसे चाचा खदखदून हसले, "अरे, हा तर मीच!" थोड्या वेळाने त्यांचं हसू थांबलं. चर्चेत म्हणाले, "त्याला प्रत्येक पार्टची किंमत माहीत आहे, हे बरोबर दाखवलंय. पण भंगारवाला आला की तो लबाडच का? चाकणच्या कंपन्यांतून निघालेला पत्रा, प्लास्टिक, लाकडी पॅकिंग आम्ही उचललं नसतं तर कुठे गेलं असतं?"

मग पोरांनी यादी सुरू केली. हिंदी सिनेमात मुसलमान कसा येतो: सुरमा, गळ्यात ताईत, हातात सुरा, नाहीतर मग जीव देणारा एकनिष्ठ मित्र. आपा म्हणाल्या, "तुमच्यावर हे होतं तेव्हा तुम्हाला लगेच दिसतं. वॉटोत यहुदी किती जणांना दिसला होता?" कुणालाच नाही. मलाही नाही.

आता अवघड भागाकडे येतो. पाचवा सिनेमा 'एक्स-मेन', २००० सालचा. सुरुवातीलाच १९४४ सालचं पोलंड, पाऊस, ऑशविट्झची छळछावणी. एका यहुदी मुलाला आईबापांपासून ओढून नेतात आणि त्याच्या आक्रोशाने लोखंडी फाटक वाकतं. तोच मोठा होऊन मॅग्नेटो होतो. पुढे अमेरिकेत म्युटंट लोकांची नोंदणी करणारा कायदा येऊ घातलाय. मॅग्नेटोला ठाऊक आहे की याद्या कशासाठी बनतात. आपल्यालाही २०१९ आणि २०२० मध्ये कपाटातून काढलेले कागद आठवतात, म्हणून खोलीत सगळे त्याच्या बाजूने होते. मग तो आपल्या लोकांना वाचवायच्या नावाखाली एका निरपराध मुलीचा जीव पणाला लावतो, आणि खोली दुभंगली.

एक तरुण उठला. भोसरीत कामाला आहे, शांत स्वभावाचा. म्हणाला, "बस झालं भाई. गाझातली पोरं ढिगाऱ्याखाली आहेत आणि आपण यहुद्यांचं दुःख बघत बसलोय. त्यांचा हा सिनेमा त्यांनीच बघावा."

मी चूक केली. मी म्हटलं, "राजकारण बाहेर ठेव." आता तुम्हीच सांगा, ऑशविट्झ आणि नोंदणी कायदा दाखवून झाल्यावर मी त्याला राजकारण बाहेर ठेवायला सांगत होतो. तो चप्पल घालून निघून गेला.

त्याचा राग खोटा नव्हता. गाझात जे झालं ते पाहून ज्याला झोप येते त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. त्याच वेळी ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये हमासने साध्या नागरिकांना मारलं, ओलीस नेलं, तेही तितकंच खरं आहे. आणि ऑशविट्झ हे कुणाच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरायची गोष्ट नाही. तिथं मेलेल्यांनी गाझात काही केलेलं नाही. या युद्धाच्या विरोधात जगभर रस्त्यावर उतरलेल्यांत यहुदी तरुणतरुणीही होते.

तो गेल्यावर आम्ही दोन तास बसलो आणि कार्डशीटवर एक नियम लिहिला. ज्याने केलं त्याचं नाव घ्यायचं. इस्रायल सरकारने केलं असेल तर इस्रायल सरकार म्हणायचं, सैन्याने केलं तर सैन्य. 'यहुद्यांनी' म्हणायचं नाही. कुठे बॉम्बस्फोट झाला की आपण हेच मागतो ना, की मारणाऱ्याचं नाव घ्या, 'मुसलमानांनी' म्हणू नका? २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसमध्ये रब्बी, त्यांची पत्नी आणि इतर ओलीस मारले गेले. त्यानंतर मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. त्यांनी शब्दांपुढे जाऊन हे दाखवलं होतं.

याच बैठकीत आपांनी 'शिंडलर्स लिस्ट'मधल्या अंगठीची आठवण काढली. १९९३ चा स्पिलबर्गचा सिनेमा. त्या अंगठीवर यहुदी धर्मपरंपरेतला विचार कोरलेला आहे, एका जिवाची किंमत अख्ख्या जगाएवढी असल्याचा. तोच विचार कुरआनात सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीत येतो, आणि तिथं स्पष्ट म्हटलंय की हे आधी बनी इस्राईलना फर्मावलं होतं. म्हणजे हा एकच हुकूम दोन्ही घरांत आहे. तो मोडणाऱ्याला जाब विचारताना त्याच्याच किताबातला हुकूम आपल्या हातात असतो. पण मग आपल्यालाही तो लागू होतो.

शेवटची बैठक आम्ही सिनेमा न लावता केली. पिंपरीहून लोकल पकडून पुण्याला गेलो आणि कॅम्पात मोलेदिना रोडवर लाल देवळासमोर उभे राहिलो. अख्ख्या पुण्याला ते 'लाल देऊळ' म्हणून माहीत आहे. ते सिनेगॉग आहे, ओहेल डेव्हिड, बांधकाम १८६३ ते १८६७. बांधणारे डेव्हिड ससून बगदादहून छळाला कंटाळून निघालेले यहुदी. त्यांची कबर तिथंच आवारात आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आयांची बाळंतपणं ज्या ससून हॉस्पिटलात झाली ते त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. आत जायला आधी परवानगी लागते, ती आम्ही घेतली नव्हती. फुटपाथवरूनच घड्याळाचा मनोरा पाहिला.

ससून बगदादी. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून कोकणात राहणारे बेने इस्रायल तर आपल्यासारखेच मराठी. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावं गावांवरून: चेउलकर, पेणकर, केहीमकर. कोकणी मुसलमानांतही अशी 'कर' आडनावं आहेतच. 'बूट पॉलिश' मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेउलकर. नवस फेडताना बेने इस्रायल पोहे, खोबरं, फळं घालून जो प्रसाद करतात त्याचं नाव मलिदा. नवस कुणाचा? एलियाहू हनाबीचा. 'हनाबी' म्हणजे नबी, आणि एलियाहू म्हणजे आपले इल्यास. हे ऐकून चाचा म्हणाले, "मग आमच्याकडे फातिहाला मलिदा असतो तो?" मी म्हटलं, नाव तरी एकच आहे.

१९४८ नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथं त्यांना विचारलं गेलं, तुम्ही खरे यहुदी आहात का? लग्नाला अडचणी आल्या. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. तिथूनही ते 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. इथं उरलेले थोडे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आणि मुंबईत भायखळ्याची सर जेकब ससून शाळा, यहुदी मुलांसाठी काढलेली, तिथं आज जवळपास सगळी मुलं मुसलमानांची आहेत. आपली पोरं त्यांच्या शाळेत शिकतात आणि आपण घरी 'यहुदी' ही शिवी शिकवतो.

तो तरुण अजून परत आलेला नाही. मी त्याला मेसेज करून माफी मागितली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, "भाई, पॅलेस्टाईनवरचा सिनेमा लावा, मग येईन." रास्त मागणी आहे. आम्ही लावणार आहोत. आणि तो आला तर एक्स-मेनचा उरलेला अर्धा भागही त्याच्याबरोबर बसून पाहणार आहोत, कारण मॅग्नेटोशी खरा वाद तोच घालू शकतो.

तुमच्या मोहल्ल्यात असं काही सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. सिनेमा एक, चादर एक, आणि आपल्या चुका चारचौघांत दाखवून देणारी एखादी पोरगी. आमचा प्रोजेक्टर महिन्यातून एकच दिवस लागतो, बाकी दिवस रिकामा पडून असतो. न्यायचा असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा. बल्ब जरा जपून वापरा, नवा महाग येतो.